सायन्स फिक्शनच्या परीक्षणात ऑर्केस्ट्रालाही जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातली सिनेमाची परीक्षणं मी बरीच वर्षं वाचतोय, आवडीने वाचतोय, आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसलोय. सायन्स फिक्शन सिनेमा आला की परीक्षणात व्हीएफएक्सवर आख्खा परिच्छेद असतो, बजेट किती, सेट कुठे लावला, हिरोने ट्रेनिंग किती घेतलं हे सगळं असतं, आणि संगीतावर काय, तर शेवटी 'पार्श्वसंगीत साजेसं'. बस्स. बऱ्याचदा तेवढंही नसतं. आणि नेमका हाच सिनेमाचा असा प्रकार आहे ज्यातून ऑर्केस्ट्रा काढून घेतला तर पडद्यावर उरतात मॉडेल्स, हिरव्या पडद्यासमोर हातवारे करणारी माणसं आणि भरपूर काळोख. खोटं वाटत असेल तर घरी कुठलाही अवकाशातला प्रसंग म्यूट करून बघा, दोन मिनिटंही धड बसवत नाही.

कौटुंबिक सिनेमा असला की पडद्यावर काय चाललंय ते न सांगता कळतं. सासूने कप आपटला, मुलाने दार लावून घेतलं, बाप खुर्चीत गप्प बसून राहिला, याचा अर्थ सांगायला व्हायोलिन लागत नाही कारण हे सगळं आपण घरात बघितलेलं असतं. सायन्स फिक्शनमध्ये तसं नसतं ना. समोर यान उतरतंय, त्याचे दिवे लुकलुकतायत, आता हे मारायला आलंय की भेटायला आलंय हे कळणार कसं, यानाला काय चेहरा असतो का? एक काळा चौकोनी खांब उभा आहे, तो बोलत नाही की हलत नाही. दोन सूर्य एकाच वेळी मावळतायत, असा सूर्यास्त पृथ्वीवर कोणी बघितलेला नाही. डोळ्यांना ओळखीचं असं काहीच नसतं, ओळख असते ती फक्त कानाला. चेलोचा खालचा सूर, लांबून आल्यासारखा वाटणारा हॉर्न, एकदम उठणारी व्हायोलिनं, यांचा अर्थ आपल्या अंगात आधीच मुरलेला असतो. परक्या गावात रात्री एसटीतून उतरल्यावर कोणीतरी नावाने हाक मारावी, तसं ते काम असतं. म्हणून या सिनेमांत ऑर्केस्ट्रा मला सजावट वाटतच नाही, तो गोष्ट सांगत असतो.

जवळचं उदाहरण देतो, अंतरानेही जवळचं. मी खोपोलीत राहतो. आमच्या खालापूर तालुक्यात हाळ नावाचं गाव आहे. १९७७ च्या सुरुवातीला, आपला जिल्हा अजून कुलाबा म्हणून ओळखला जात होता तेव्हा, स्टीव्हन स्पिलबर्गने 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' मधला भारतातला प्रसंग तिथे शूट केला. सिनेमात जागेचं नाव धरमशाला दिलंय पण ती जमीन, ते ऊन आणि ते डोंगर आपले आहेत. प्रसंग साधाच आहे. शेकडो माणसं दाटीवाटीने बसलीयेत आणि पाच सुरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा गातायत, एक फ्रेंच शास्त्रज्ञ (हे काम दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने केलंय) रेकॉर्डिंगचं सामान घेऊन तिथे पोचतो, माणसांना विचारलं जातं की हे सूर आले कुठून, आणि एका क्षणात सगळ्यांचे हात वर जातात, बोटं आभाळाकडे. परग्रहवासी आलेत याचा पुरावा म्हणून त्या प्रसंगात यान दाखवलेलं नाही, फोटो नाही, पायाचा ठसा नाही. पुरावा आहे सूर.

आता ते पाच सूर बघा. घरात पेटी असेल तर वाजवून बघा, मधल्या सप्तकातले रे, ग, सा, मग एकदम खाली उडी मारून खालचा सा, आणि तिथून वर चढून त्याचा पंचम. संपलं. ओळ सा वर येऊन टेकत नाही, पंचमावर लोंबकळत राहते, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की आता पलीकडून काहीतरी आलं पाहिजे, कोणीतरी ही ओळ पुरी केली पाहिजे. सिनेमाचा संगीतकार जॉन विल्यम्सने अशा शेकडो ओळी लिहून काढल्या होत्या त्यातून ही निवडली गेली. त्याला थोडी लांब ओळ हवी होती पण स्पिलबर्ग पाचवरच अडून बसला, कारण त्याला गाणं नको होतं, नुसता नमस्कार हवा होता, दारात उभं राहून घालतात तेवढाच. आणि हे सूर शूटिंगच्या आधी पक्के करावे लागले कारण सेटवर माणसं ते गाणार होती. म्हणजे संगीत आधी आणि सिनेमा नंतर.

शेवटी ते भलंमोठं यान खाली उतरतं तेव्हाचा प्रसंग तर मला कितीही वेळा बघितला तरी पुरत नाही. खालून माणसं सिंथेसायझरवर ती ओळ वाजवतात, वरून यान ट्यूबावर उत्तर देतं. ट्यूबा म्हणजे पितळी वाद्यांतलं सगळ्यात मोठं आणि खर्जातलं वाद्य, इतकं जड की बसून मांडीवर घेऊन वाजवतात. यानाचा एक सूर इतका जोरात येतो की तिथली काच फुटते, आणि गंमत म्हणजे त्या फुटलेल्या काचेनंतर आपली भीती जाते, कारण तो सूर चुकून जोरात बोलून गेलेल्या माणसासारखा वाटतो. मग सवाल-जवाब वाढत जातात, लय पळायला लागते, वाजवणाऱ्या माणसाचे हात पुरे पडत नाहीत. हा ट्यूबा जिम सेल्फ नावाच्या वादकाने वाजवलाय. कित्येक मिनिटं यान आणि माणसं यांच्यात एक शब्द नाही आणि तरी थिएटरातल्या लहान पोरालाही कळतं की हे वैरी नाहीत. याच सिनेमाच्या पूर्वार्धात विल्यम्सने वाद्यांचे आणि माणसांच्या आवाजांचे एकमेकांवर घासणारे, कुठेच न टेकणारे सूर वापरलेत, पोटात गोळा येतो ते ऐकताना. पुढे पुढे तेच संगीत हळूहळू सुरेल होत जातं. आकाशातले दिवे सुरुवातीला होते तेच शेवटी आहेत, फरक पडलाय तो आपल्या कानात काय ओतलं त्याचा.

(एक विनंती इथेच करून टाकतो. तुमच्या रायगडच्या बातमीदाराने हाळला आणि आसपासच्या गावांत जाऊन त्या गर्दीतली कोणी माणसं आहेत का बघावं. तेव्हा विशी-पंचविशीत असलेली माणसं आज सत्तरीत असतील. त्यांना ते सूर कोणी शिकवले, किती वेळा म्हणून घेतले, हे लिहून ठेवायला फार वेळ उरलेला नाही.)

आता कोणी म्हणेल, भविष्यकाळाची गोष्ट आहे तर जुनी वाद्यं कशाला, मशीनचे आवाज वापरा की. तेही झालंय आणि फार चांगलं झालंय. १९५१ च्या 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' मध्ये बर्नार्ड हरमनने दोन थेरेमिन वापरले, थेरेमिन म्हणजे हात न लावता, नुसते हवेत हात हलवून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, ते ऐकलं की अजून अंगावर काटा येतो. १९५६ च्या 'फॉरबिडन प्लॅनेट' मध्ये लुई आणि बेबी बॅरन या नवरा-बायकोने आख्ख्या सिनेमाला स्वतः जोडलेल्या सर्किट्समधून निघणारे आवाज दिले, आणि टायटल्समध्ये म्युझिक असं न लिहिता 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज' असं लिहिलं गेलं. १९८२ च्या 'ब्लेड रनर' ला व्हँगेलिसच्या सिंथेसायझरशिवाय बघूच नये. मला हे सगळं मनापासून आवडतं, पण या आवाजांचा जोर असतो तो जागा किती परकी आहे हे सांगण्यावर. त्या परक्या जागी उभ्या असलेल्या माणसाला काय वाटतंय हे सांगायची वेळ आली की मोठमोठे दिग्दर्शक पुन्हा लाकूड, तार आणि पितळेकडेच वळलेत.

जॉर्ज लुकासला हे नीट कळलं होतं. 'स्टार वॉर्स' मध्ये त्याने सगळं अनोळखी भरून ठेवलं होतं, रोबो, केसाळ सोबती, वाळवंटी ग्रह, म्हणून संगीत मात्र त्याला मुद्दाम जुन्या वळणाचं, भरगच्च, रोमँटिक ऑर्केस्ट्राचं हवं होतं. मार्च १९७७ मध्ये जॉन विल्यम्सने लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन इंग्लंडमधल्या डेनहॅम इथल्या स्टुडिओत ते रेकॉर्ड केलं. सुरुवातीला ट्रम्पेट कडाडतं ना, ते वाजवणारा मॉरिस मर्फी त्या ऑर्केस्ट्रात तेव्हा नुकताच दाखल झाला होता, त्या नोकरीतलं हे त्याचं अगदी पहिलं काम. सिनेमा कंपनीच्या लोगोवर जी धून वाजते तिच्याच पट्टीत विल्यम्सने आपली सुरुवात बांधलीये, त्यामुळे लोगो संपून सिनेमा सुरू होतो तिथे कानाला सांधा जाणवत नाही. अशा गोष्टी परीक्षणात आल्या तर वाचणारा पुढच्या वेळी कान टवकारून बसेल की नाही?

त्या सिनेमातला मला सगळ्यात जास्त भिडलेला भाग म्हणजे दोन सूर्यांचा सूर्यास्त. सिनेमाचा नायक ल्यूक काकाशी वाद घालून घराबाहेर येतो, वाळूत उभा राहतो, दोन सूर्य क्षितिजाला टेकलेत. संवाद नाही. एकटा फ्रेंच हॉर्न एक धून सुरू करतो, हळूहळू वर चढते ती, मग व्हायोलिनं ती उचलून घेतात, वाऱ्याने त्याचे केस उडतात आणि तो परत फिरतो. एवढंच. पण शेतावर, दुकानात नाहीतर एमआयडीसीत अडकलेल्या, कुठेतरी लांब जायचं स्वप्न असलेल्या कुठल्याही पोराला विचारा, त्याला तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. विल्यम्सने या जागेसाठी आधी वेगळी धून लिहिली होती, मग बदलून ही घातली, आणि आज दुसरी कुठली धून तिथे असेल अशी कल्पनाही करवत नाही.

याच्या बरोबर उलट वाटेने गेला तो स्टॅन्ली क्युब्रिक. '२००१: अ स्पेस ओडिसी' हा १९६८ चा सिनेमा. यासाठी ॲलेक्स नॉर्थ या मोठ्या संगीतकाराला बोलावलं होतं, 'स्पार्टाकस' चं संगीत त्याचंच. बिचारा इतक्या ताणाखाली काम करत होता की लंडनला रेकॉर्डिंगच्या ठिकाणी त्याला अ‍ॅम्ब्युलन्समधून आणावं लागलं. चाळीसेक मिनिटांचं संगीत रेकॉर्ड झालं. आणि क्युब्रिकने ते सगळंच्या सगळं बाजूला ठेवून एडिटिंग करताना तात्पुरत्या लावलेल्या जुन्या रेकॉर्ड्सच कायम केल्या, नॉर्थला हे न्यूयॉर्कला सिनेमा बघायला गेल्यावर कळलं. माणूस म्हणून क्युब्रिक फार वाईट वागला असं माझं स्पष्ट मत आहे, त्याची थोरवी सांगताना हे झाकू नये. नॉर्थचं ते संगीत त्याच्या मित्राने, जेरी गोल्डस्मिथने, १९९३ मध्ये पुन्हा रेकॉर्ड करून लोकांपुढे आणलं, नॉर्थ तोवर वारला होता.

पण पडद्यावर जे उरलं ते बघताना हात जोडावेसे वाटतात हेही तितकंच खरं. सिनेमात पहिला संवाद येतो तो साधारण पंचवीस मिनिटांनी, तोपर्यंत सगळा भार संगीतावर आणि चित्रावर. क्युब्रिकने सरळ वाटणी करून टाकलीये. माणूस आणि त्याची यंत्रं दिसली की सुरेल, तालात बसणारं व्हिएन्नाचं संगीत. 'ब्लू डॅन्यूब' हा योहान स्ट्राउसचा १८६७ चा वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या ठेक्यावरचं नाचाचं संगीत) आहे, म्हणजे आपल्याकडे टिळक शाळेत जात होते तेव्हाचा, आणि तो लावलाय अवकाश स्टेशनवर. चाकासारखं ते स्टेशन संथ फिरतंय, त्याच लयीत फिरत फिरत यान जवळ येतंय, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, यानात झोपलेल्या माणसाच्या हातातून निसटलेलं पेन हवेत तरंगतंय. इथे घाई नाही की धोका नाही, माणूस अवकाशात इतका रुळलाय की आता तो तिथे नाचू शकतो, हे सगळं त्या वॉल्ट्झनेच सांगितलं.

आणि तो काळा खांब दिसला की? तिथे ग्यॉर्ग लिगेटीचं संगीत. त्यात धून नाही, ठेका नाही, धरायला काहीच नाही. लिगेटीच्या या रचनांत प्रत्येक वादकाला, प्रत्येक गाणाऱ्याला वेगळी ओळ दिलेली असते, डझनावारी ओळी एकमेकींवर अशा चढवलेल्या की एकही वेगळी ऐकू येत नाही, नुसता सुरांचा एक ढग तयार होतो आणि तो जागच्या जागी हलत राहतो. त्याच्या 'रेक्विएम' या रचनेतला तो भाग ऐकताना वाटतं की हजारो माणसं एकदम काहीतरी सांगतायत आणि आपल्याला एक शब्दही कळत नाहीये. परग्रहावरची बुद्धी माणसाच्या समजेपलीकडची आहे हे क्युब्रिक संवादात लिहू शकला असता, त्याने नाही लिहिलं, ते काम लिगेटीकडे दिलं. (लिगेटीला आधी नीट विचारलंही नव्हतं, प्रकरण वकिलांपर्यंत गेलं.) मोठ्या पडद्यावर सिनेमाच्या सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं नुसता काळा पडदा असतो आणि लिगेटीचं 'ॲटमॉस्फिअर्स' वाजत असतं. मग सूर्योदय आणि रिचर्ड स्ट्राउसचं 'आल्सो स्प्राख झाराथुस्ट्रा', १८९६ चं. ते सुरू होतं ऑर्गन, डबल बास आणि काँट्राबसून या खोल आवाजाच्या वाद्यांच्या एका लांब खर्जाने. तो खर्ज साधारण ३३ हर्ट्झचा आहे, म्हणजे मोबाइलच्या स्पीकरमधून तो येऊच शकत नाही, साध्या टीव्हीतूनही येत नाही, तो नीट थिएटरातच मिळतो आणि तिथे तो ऐकण्याआधी खुर्चीतून कळतो. त्यावर ट्रम्पेट तीन सूर चढतं, सा, प, वरचा सा, आणि मग सगळा ऑर्केस्ट्रा एकदम कोसळतो. ज्यांनी हा सिनेमा फक्त फोनवर बघितलाय आणि 'स्लो आहे, बोअर झालं' म्हणतात त्यांना मी दोष देत नाही, पण अर्धा सिनेमा त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं, आणि ते काम पेपरने करावं.

अवकाशात हवा नाही म्हणून आवाजही नाही, हे शाळेत शिकलोय आपण. बरेच सिनेमे याकडे दुर्लक्ष करून स्फोटाचे धडाम आवाज घालतात, ठीक आहे. पण २०१३ च्या 'ग्रॅव्हिटी' ने हा नियम पाळला. सगळं स्टेशन तुकडे तुकडे होऊन उडतंय आणि त्याचा आवाज नाही, फक्त सूटमधून हाताला जाणवणारी थरथर दबकी ऐकू येते, बाकी सगळं स्टीव्हन प्राइसच्या संगीतावर सोडलंय, आणि त्यातही त्याने ढोल-ड्रम असलं काही घेतलं नाही. त्याला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. तिथे संगीत नसतं तर भौतिकशास्त्र बरोबर झालं असतं आणि आपण जांभया दिल्या असत्या.

'इंटरस्टेलर' ची गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीत असेल. ख्रिस्तोफर नोलनने हान्स झिमरला एका पानावर थोडंसं लिहून दिलं, बाप आणि मूल यांच्याबद्दल, अवकाशाचा उल्लेखही नाही, आणि सांगितलं की एका दिवसात जे सुचेल ते वाजवून दाखव. झिमरने स्वतःच्या मुलाचा विचार करत एक छोटी धून केली, मग नोलनने सांगितलं की सिनेमा अवकाशाचा आहे, आणि तीच धून सिनेमाचा गाभा झाली. त्यासाठी लंडनच्या टेंपल चर्चमधला शंभरेक वर्षं जुना पाइप ऑर्गन निवडला, वाजवणारा रॉजर सेयर. मला ही निवड फार योग्य वाटते कारण ऑर्गन हवेवर चालतो, हजारो नळ्यांतून हवा जाते तेव्हा तो बोलतो, आणि ज्या सिनेमात माणसांना श्वासापुरती हवाही मोजून वापरायचीये तिथे हे श्वास घेणारं वाद्य. एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, अशा त्या पाण्याच्या ग्रहावर संगीतात सतत टिक-टिक चालू असते, लाटा दिसायच्या आधीपासून. वेळ जातोय हे घड्याळ न दाखवता कळत राहतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हा सिनेमा आपल्याकडे पुन्हा मोठ्या पडद्यावर लागला आणि शो हाउसफुल्ल गेले. मीही गेलो. थिएटरचं नाव लिहीत नाही, कारण हे एका ठिकाणचं दुखणं नाही. शेवटचं दृश्य संपलं, नावं वर सरकायला लागली, ऑर्गन अजून चालू होता आणि भक्कन सगळे दिवे लागले, दारं उघडली, साफसफाईवाले आत आले, आणि मिनिटभरात आवाज बंद. पंधरा-वीस पोरं जागेवर बसून होती, संगीतासाठीच थांबलेली, ती एकमेकांकडे बघत उठली. त्या सफाई कामगारांचा काय दोष, त्यांना दोन शोच्या मध्ये मोजकीच मिनिटं देतात. पण लोकांनी पुऱ्या सिनेमाचे पैसे दिलेले असतात ना. '२००१' मध्ये तर शेवटच्या नावांवर 'ब्लू डॅन्यूब' परत येतो आणि नावं संपली तरी काळ्या पडद्यावर वाजत राहतो, तो ऐकूनच उठायचं असतं. उद्या तो सिनेमा पुन्हा लागला तर त्याचंही हेच होणार का?

दिग्दर्शक मंडळी संगीताला किती मान देतात त्याचं एक उदाहरण. 'ई.टी.' च्या शेवटच्या पाठलागाच्या आणि निरोपाच्या प्रसंगात चित्राबरोबर सेकंदाला सेकंद जुळवून वाजवणं जमेना, तेव्हा स्पिलबर्गने पडद्यावरचं चित्र बंद करायला लावलं आणि विल्यम्सला सांगितलं की मैफलीत वाजवतोस तसं मोकळेपणाने वाजव, मी सिनेमा त्याच्याप्रमाणे पुन्हा कापतो. आणि कापला. तो शेवट बघताना रडू न येणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आणि 'मेट्रोपोलिस'. फ्रिट्झ लांगचा १९२७ चा मूकपट, सगळ्या सायन्स फिक्शन सिनेमांचा आजोबा म्हणा. बर्लिनला तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा गॉटफ्रीड हुपर्ट्झने लिहिलेलं संगीत समोर बसलेल्या ऑर्केस्ट्राने वाजवलं होतं. मग वितरकांनी सिनेमा कापून काढला, कापलेला भाग हरवला, पिढ्यान् पिढ्या लोकांनी अर्धवट सिनेमाच बघितला. २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सला एक जवळजवळ पूर्ण प्रिंट सापडली, खराब झालेली, आणि कुठला तुकडा कशानंतर, कुठला शॉट किती वेळ, हे जुळवताना हुपर्ट्झची नोटेशनची वही फार कामाला आली, कारण त्यात पडद्यावर त्या वेळी काय दिसतंय याच्या खुणा सुरांच्या वर लिहून ठेवलेल्या होत्या. २०१० मध्ये बर्लिनला तो पुन्हा ऑर्केस्ट्रासकट दाखवला गेला. म्हणजे फिल्म गेली होती पण संगीत राहिलं होतं, आणि संगीताने फिल्म परत मिळवून दिली. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आपल्याकडे तर वादकांची नावं न छापण्याची सवय फार जुनी. मुंबईच्या स्टुडिओत जे व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजले त्यातले कितीतरी हात गोव्याचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी १९५८ मध्ये 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला होता. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागचा तो भरलेला ऑर्केस्ट्रा सेबॅस्टियन डिसूझांनी लिहून काढलेला. ही दोन नावं निदान जाणकारांना माहीत आहेत, त्यांच्या मागे बसून वाजवणाऱ्या बहुतेकांची नावं पडद्यावर कधी आलीच नाहीत, आणि आता विचारायला माणसं उरली नाहीत. त्यामुळे परदेशी सिनेमाच्या शेवटी शंभर वादकांची नावं वर सरकताना दिसली की मी मुद्दाम वाचत बसतो. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, ज्यांना जमेल त्यांनी एकदा तरी समोर बसून ऐकावं, पंचवीस-तीस व्हायोलिनं एकदम उठतात तेव्हा काय होतं ते कुठल्याही स्पीकरमधून कळत नाही. त्यानंतर 'स्टार वॉर्स' बघा.

तर माझं म्हणणं एवढंच की तुमच्या परीक्षणाच्या चौकटीत दिग्दर्शक, कलाकार, कॅमेरा यांच्या खाली संगीतकाराचं नाव छापा, ऑर्केस्ट्रा कोणता आणि रेकॉर्डिंग कुठे झालं तेही छापा, आणि संगीताने एखाद्या प्रसंगात नेमकं काय केलं यावर चार वाक्यं लिहा, स्टार अर्धा कमी द्या हवं तर. थिएटरचा आवाज कसा होता, नावं संपेपर्यंत सिनेमा चालू ठेवला का, हेही त्याच चौकटीत आलं तर थिएटरवाले आपोआप सुधारतील, कारण तुमच्या पेपरात छापून आलेलं ते वाचतात. यातली बरीचशी माहिती सिनेमाच्या शेवटच्या पाच-सात मिनिटांत पडद्यावर फुकट मिळते, तुमच्या परीक्षकांना तेवढं बसायला सांगा, आणि कोणी मध्येच दिवे लावले तर तेही लिहायला सांगा.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, खोपोली